खुराकाची परीक्षा

कोल्हापुरात माणसाची उंची कुणी मोजत नाही. मान बघतात, मांडी चाचपतात, कान फुटलेत का बघतात आणि मग ताटावर बसवून किती खातो ते मोजतात. एवढं झालं की त्या माणसाबद्दल जाणून घेण्यासारखं काही उरलं नाही, असं इथल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटतं. पैलवान निवडायचा असेल तर माझं काही म्हणणं नाही. आम्हाला निवडायचा होता बास्केटबॉलचा गडी.

साल त्रेपन्न. शाहूपुरीत एक सूतगिरणी होती, तिथं मी हजेरी कारकून होतो. फाटकाशी टेबल टाकून बसायचं, आला त्याच्या नावापुढं खूण करायची, उशिरा आला त्याच्याकडं डोळे वटारून बघायचं. लढाईच्या काळात मी आसामात रसद खात्यात होतो. शेजारी अमेरिकन पलटण होती. ते लोक संध्याकाळी दोन खांबांना फळ्या ठोकून, फळ्यांना लोखंडाची गोल कडी लावून चेंडू खेळत. पहिले काही दिवस मी पोत्यावर बसून बघितलं. एकदा त्यांना एक माणूस कमी पडला तेव्हा आत शिरलो, आणि मग वर्षभर खेळलो. परत आलो तेव्हा त्या खेळातलं कळणारा आमच्या गिरणीत मी एकटा होतो. चौथी शिकलेल्या कारकुनाला मालकापेक्षा काही जास्त कळतं, ही गोष्ट गिरणीत कुणालाच गोड लागत नव्हती.

मालकाचं नाव शांतिनाथ. लोक अण्णा म्हणत, समोर वाकत. मी इथं एकेरीच लिहिणार आहे. त्याचा बाप गाडीबैलानं कापूस आणून पेठेत विकायचा, चांगला माणूस होता म्हणतात. शांतिनाथानं मोटार घेतली, कोट शिवला, क्लबात नाव घातलं आणि आपण नव्या काळाचे झालो असं ठरवून टाकलं. नव्या काळाला खेळाचा संघ लागतो असं त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून गिरणीच्या गोदामामागं आम्ही दोन खांब पुरले. कडी लोहारानं बांधून दिली. ती गोल कमी आणि अंड्यासारखी जास्त होती, पण चेंडू आत जात होता.

असे संघ आणखी चार गिरण्यांनी काढले होते. पाचांमध्ये दर साली ढालीसाठी सामने होत. पहिल्या दोन वर्षांत एकमेकांचे गडी पळवण्यावरून एवढ्या शिव्यागाळ्या झाल्या की शेवटी सगळ्या मालकांनी बसून एक ठराव केला. दर फेब्रुवारीत शाहूपुरीत बैठक भरवायची. नवे उंच गडी कुठल्या गिरणीनं घ्यायचे ते तिथंच ठरवायचं. मागल्या साली जो संघ तळाला राहिला त्यानं पहिलं नाव घ्यायचं, मग त्याच्या वरच्यानं, असं वर वर जायचं. नाव चिठ्ठीवर लिहून, मालकानं सही करून द्यायचं. चिठ्ठी एकदा वाचली की माघार नाही. निवडलेल्या गड्याला गिरणीत कायमची नोकरी आणि चाळीत एक खोली.

आम्ही मागल्या साली आठ सामने खेळलो आणि आठ हरलो. आमच्या संघात सगळे तालमीतले गडी होते. ते चेंडू सोडून माणसाला धरत. पंचाची शिट्टी वाजली की त्यांना वाटे कुस्ती निकाली झाली, मग ते हात वर करून मैदानाला फेरी मारत. तर तळाला राहिल्यामुळं पहिलं नाव आमचं होतं. शांतिनाथ हे क्लबात सांगत फिरला, "पहिला मान आपला हाय औंदा." हा मान कशाबद्दल मिळाला ते त्याला एकानंही विचारलं नाही. विचारणारी माणसं त्या क्लबात घेत नसत.

गडी निवडायला त्यानं समिती नेमली. तो स्वतः, मी, आणि मंगळवार पेठेतल्या तालमीचे गुंडू वस्ताद. संस्थान विलीन झालं तसा वस्तादांचा पोशिंदा गेला. मग गावातल्या मालक लोकांनी मोटारी ठेवल्या तसे वस्ताद ठेवले. उद्‌घाटन असो, बारसं असो, गुंडू वस्ताद भगवा फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर. माणूस वाईट नव्हता. पण त्याला आयुष्यात एकच गोष्ट येत होती आणि त्या एकाच गोष्टीनं तो सगळं जग मोजत होता. मी मालकाला एकदा म्हणालो की वस्तादांनी हा खेळ अजून बघितलेलासुद्धा नाही. तो म्हणाला, "अंबादास, गडी वळखायचा असतोय. खेळ कुठला का असंना."

डिसेंबरपासून दर रविवारी मी गावं धुंडाळत होतो. सर्व्हिस मोटारीनं जायचं, बाजारात उभं राहायचं आणि गर्दीच्या वर ज्याचं डोकं दिसतं त्याच्या मागं जायचं. कुणाला वाटे फौजेची भरती आली, कुणाला वाटे मी एखाद्या मुलीसाठी स्थळ बघत फिरतोय. उंच पोरं सापडत होती, नाही असं नाही. एक सहा फूट दोन इंच होता, पण मागून हाक मारली की आधी मान वळे, मग खांदे, मग पाय, जशी बैलगाडी वळावी. एकाचा गुडघा कामातून गेला होता. एकाला उंचीची एवढी लाज होती की तो सदा पाठीत वाकून चाले, आणि वाकलेला माणूस कड्याखाली काय कामाचा.

श्रीपाल मला नेसरीत दिसला. एका मळ्यात गवताची गंजी रचत होते. गंजीवर एक गडी उभा होता आणि खालून हा पेंढ्या फेकत होता. दोन्ही हातांनी पेंढी कपाळाशी न्यायची, मनगट झटकायचं, पेंढी वर जाऊन त्या गड्याच्या हातात अलगद. मी बांधावर बसून चाळीस पेंढ्या मोजल्या. वरच्या गड्याला एकदाही हात लांब करावा लागला नाही. आसामात ते अमेरिकन पोरगे जे सहा-सहा महिने शिकत होते ते हा गवताच्या गंजीवर शिकला होता. मी टेप काढली. अनवाणी सहा फूट साडेचार इंच. वय एकोणीस.

जैन शेतकऱ्याचं घर. आई-बाप गेलेले, जमीन चुलत्यांच्या ताब्यात. श्रीपालला एक थोरली बहीण, अक्काताई. नवरा वारल्यावर तिला सासरनं परत धाडली होती. चुलत्यांच्या घरी अकरा माणसांचा स्वयंपाक ती करायची आणि उरलं तर जेवायची. हे तिनं मला सांगितलं नाही, शेजारणीनं सांगितलं. तिनं मला नोकरीचं विचारलं नाही, खेळाचं तर नाहीच. तिनं विचारलं ते खोलीचं.

"खोली नुसती आमा दोघांचीच असंल न्हवं? चूल आमचीच?"

मी म्हणालो, "तुमचीच."

"मग शिकवा त्येला काय शिकवायचं ते," ती म्हणाली. "तम्मा, ह्ये पावणं सांगतील तसं कर." धाकट्या भावाला त्या बाजूला तम्मा म्हणतात.

त्यानंतरचे सहा रविवार मी चेंडू घेऊन नेसरीला गेलो. चुलत्यांच्या शिव्या खाल्ल्या. चिंचेच्या फांदीला कडं बांधलं. पोरगा अबोल होता, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही. सहाव्या रविवारी मला एवढं कळून चुकलं की पाचही गिरण्यांत याच्यासमोर उभा राहील असा माणूस नाही. आणि पहिलं नाव आमचं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गोदामामागं चाचणी ठेवली. पाच पोरं होती. त्यांत चार मी शोधून आणलेली, आणि एक वस्तादांनी आपल्या तालमीतला आणलेला, नृसिंह नावाचा. हा नृसिंह पाच फूट आठ इंच. देवानं त्याच्या उंचीचा उरलेला सगळा माल रुंदीत घातला होता. मी वस्तादांना म्हणालो की वस्ताद, आपल्याला उंच गडी पायजे. ते म्हणाले, "उंच काय करायचाय? ह्याला कोण हलवतंय का बघ."

श्रीपाल आणि अक्काताई पहिल्या मोटारीनं आली. तिच्याजवळ भाकरीचं गाठोडं होतं. तिनं मला विचारलं की पोराला आता खायला घालू का. मी तिला सांगितलं, घालू नको. वस्ताद शेवटी सगळ्यांना जेवायला बसवणार आहेत आणि कोण किती खातं ते बघणार आहेत, पोरगा भुकेला असलेला बरा. तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा मारली.

"जेवान दिवस हाय तवर हाय न्हवं?"

"पाचाला," मी म्हणालो.

ती मान हलवून गोदामाच्या भिंतीशी जाऊन बसली. सूर्य मावळल्यावर ही माणसं अन्नाला शिवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मंगळवार पेठेत आमच्या शेजारी तीन घरं जैनांची होती. त्यांची दिवसाउजेडी जेवायची घाई बघत मी लहानाचा मोठा झालो. म्हणून तर मी पाचाला असं नीट सांगितलं.

दुपारी वस्तादांनी पोरांना रांगेत उभं केलं. एकेकाच्या मानेला धरून खाली दाबलं. छातीवर पंजा मारून कोण मागं सरतं ते बघितलं. धोतराचा सोगा घेऊन मांड्या मोजल्या. शंभर बैठका काढायला लावल्या. श्रीपालच्या छातीवर पंजा पडला तसा तो दोन पावलं मागं गेला, आणि वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यो बांबू हाय. वारं सुटलं की मोडंल." मी गोदामाच्या दारावर खडूनं पाचांच्या उंचीच्या रेघा ओढल्या होत्या. त्या रेघांकडं समितीतल्या एकाही माणसानं बघितलं नाही. बघायला मालक तिथं नव्हताच, आणि वस्तादांच्या लेखी रेघ म्हणजे शाळेतला पोरखेळ.

मग चेंडू दिला. नृसिंहनं चेंडू काखेत मारला, अंगावर आलेल्या तिघांना तसंच ओढत कड्याखाली नेलं आणि तिथं उभा राहून वर बघत बसला. पुढं काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. वस्तादांनी शाबास म्हटलं. श्रीपालनं फळीवरून सुटलेला एकही चेंडू जमिनीला लागू दिला नाही. इतरांच्या उड्या संपायच्या तिथून याचा हात सुरू व्हायचा. सुटीतले कामगार भिंतीवर चढून बघायला लागले होते. ते आधी हसत होते, मग हसायचे थांबले. साच्यावर काम करणारी झुंबरबाई, जिला गिरणीत कुणी कधी कुणाची स्तुती करताना ऐकलं नव्हतं, ती मोठ्यांदा म्हणाली, "आरं, ह्यो तर कवाडाच्या वरनं हात घालून कडी काढंल की." वस्ताद तंबाखू मळत होते.

पाच वाजले. मांडवात ताटं मांडून झाली. मांसाहार करणाऱ्यांची पंगत वेगळी, माळकरी, लिंगायत, जैन यांची वेगळी. या दुसऱ्या पंगतीत दूध, तूप, भाकरी, वांग्याची भाजी, बासुंदी. सोय चोख होती. पण मालक आला नव्हता. मालक आल्याशिवाय पंगत बसवायची नाही असा वस्तादांचा हुकूम. साडेपाच झाले. सहा झाले. मी मोटारीच्या वाटेवर दोनदा जाऊन आलो. अक्काताई भिंतीशी उभी राहून गोदामाच्या पत्र्याकडं बघत होती. ऊन पत्र्याच्या कडेला गेलं, मग कौलांवर, मग चिमणीच्या टोकाला. मी वस्तादांना म्हणालो की निदान पोरांना तरी बसवू. ते म्हणाले, "मालकाच्या आधी? तुझी अक्कल कुठं गहाण पडलीया?"

शांतिनाथ पावणेसातला आला. क्लबात गप्पांत वेळ झाला म्हणाला. गॅसबत्त्या पेटवल्या होत्या. पाचही पोरं पाया पडली. श्रीपालनं हात जोडून जयजिनेंद्र म्हटलं, तेव्हा शांतिनाथानं इकडंतिकडं बघून नुसती मान हलवली. मग तो दुसऱ्या पंगतीच्या तोंडाशी पाटावर बसला, आणि त्याच्या ताटात भाकरी पडली तशी त्यानं तोडली.

शांतिनाथही जैनच, पण हे नवीन नव्हतं. घरी त्याची म्हातारी आई दिवस असतानाच चूल विझवी आणि तिला वाटे की मुलगा गिरणीतच वेळेवर जेवतो. मुलगा रोज दिवे लागल्यावर जेवत होता. त्याचं मला काही नाही. कुणी कधी जेवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण नेम मोडायचा तर छाती पुढं काढून मोडावा. हा माणूस तो आईपासून चोरून मोडत होता आणि नव्या काळाचा म्हणून मिरवत होता, दोन्ही एकदमच.

वस्ताद पंगतीतून हिंडत भाकऱ्या मोजत होते. पहिल्या पंगतीत नृसिंह तेराव्या भाकरीवर होता आणि रश्श्याची वाटी त्यानं बाजूला सारून पातेलंच जवळ ओढलं होतं. त्याच पंगतीत मी बसलो होतो. दुसऱ्या पंगतीत श्रीपाल, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ. ताट भरलेलं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, त्यावर शंभर बैठका आणि दोन तास उड्या. बासुंदीकडं तो बघत नव्हता, पण न बघण्यासाठी त्याला फार कष्ट पडत होते.

वस्ताद त्याच्यापुढं थांबले. "पावणं, जेवा की."

"न्हाय जमत," श्रीपाल म्हणाला.

"का? आजारी हायंस?"

 पोरानं शांतिनाथाकडं बघितलं. आपल्यातला मोठा माणूस बसलाय, तो सांगेल, अशा नजरेनं बघितलं. शांतिनाथाचं लक्ष भाजीत होतं. मग भिंतीपासून अक्काताई चार पावलं पुढं आली. पदर नीट केला. आवाज चढवला नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमी सांगा की ह्यास्नी."

 शांतिनाथाच्या हातात घास होता. एवढंच बोलायचं होतं, की दिवस मावळलाय, पोरगा जेवायचा नाही, उद्या सकाळी बघा किती खातो ते. बारा-पंधरा शब्द. पण ते बोलला असता तर मांडवातल्या सगळ्यांची नजर आधी त्याच्या तोंडाकडं आणि मग त्याच्या ताटाकडं गेली असती. त्यानं घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"भूक नसंल त्येला," तो म्हणाला.

अक्काताई माझ्याकडं वळली. मला सगळं ठाऊक होतं. पोराला उपाशी मी ठेवायला लावलं होतं. पाचाची वेळ मी सांगितली होती. मी नुसता उठून उभा राहिलो असतो तरी चाललं असतं. माझ्या डोळ्यांपुढं माझं फाटकाशेजारचं टेबल आलं, आणि दुसरं कारण सांगायचं तर रस्सा चांगला झाला होता. मी वाटीकडं बघितलं.

"तम्मा, ऊठ," अक्काताई म्हणाली.

तो उठला, ताटाला नमस्कार केला आणि तिच्यामागून बाहेर गेला. पाणीसुद्धा न घेता दोघं बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, ओवरीत मुक्कामाला गेली. वस्ताद मालकाला म्हणाले, "खुराकच न्हाय तर कुठला गडी. नृसिंहचं नाव लिवा." मालक म्हणाला, "वस्ताद म्हणतील तसं." जेवण झाल्यावर तो हात धुताना माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की तो उंच पोरगा फाटकावर पहारेकरी म्हणून शोभून दिसेल, विचारून बघ. खोलीचं काय, असं मी विचारलं. पहारेकऱ्याला कसली खोली, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाला बैठक होती. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं, कारण समितीत ज्याचं अक्षर वाचता येईल असा मी एकटा. वस्तादांना सहीपुरतं येत होतं आणि शांतिनाथ इंग्रजीत सही करायचा, ती कुठल्याही भाषेत वाचता येत नसे. मी सकाळी टेबलाशी बसलो. नृसिंहचं नाव लिहायला टाक उचलला आणि मला त्या नावाचा एवढा उबग आला की मी श्रीपालचं लिहिलं. श्रीपाल नेमगोंडा पाटील, मुक्काम नेसरी. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. शौर्याची वेळ आदल्या दिवशी दिवेलागणीला येऊन गेली होती, आणि तेव्हा मी रस्सा ओरपत होतो.

शांतिनाथानं मोटारीतून उतरता उतरता चिठ्ठीवर सही केली. त्या वेळी तो इचलकरंजीच्या एका गिरणीमालकाला कालचा बेत कसा झक्क झाला ते सांगत होता. चिठ्ठी वाचली नाही. मोठी माणसं वाचत नाहीत, आणि आमच्यासारख्यांचं जगणं त्यावरच चालतं.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त हेडमास्तर आणले होते. त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उलगडली आणि श्रीपालचं नाव, गाव, उंची असं सगळं वाचलं. वस्ताद खुर्चीत वळले. शांतिनाथाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी या खेपेला वाटीकडं बघितलं नाही, वाटी नव्हतीच. मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

त्याला एवढंच म्हणायचं होतं की कारकुनानं दगा केला, हे आमचं नाव नव्हे. पण मग मागून प्रश्न आले असते. सही न वाचता करता का? सहा फूट साडेचार इंचाचा गडी सोडून पाच फूट आठ इंचाचा का घेत होता? तो उंच पोरगा कशात नापास झाला? आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर तो इचलकरंजीचा मालक बसला होता. म्हातारा, जैन, नेमाचा एवढा पक्का की मुंबईला गेला तरी दिवस मावळायच्या आत जेवून घेणारा. पोरगा ताटावरून का उठला हे त्याला एका शब्दात कळलं असतं, आणि त्या ताटाशेजारी कोण जेवत बसलं होतं हे दुसऱ्यात.

"बरोबर आहे ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

शांतिनाथ उठला. कोट खाली ओढला. "व्हय, बरोबर हाय," तो म्हणाला. आणि तेवढ्यावर बसला असता तर मी त्याला थोडी किंमत दिली असती. पण त्याला टाळ्या ऐकू आल्या होत्या. तो पुढं म्हणाला, "आमच्यातलाच पोरगा हाय. मी सोता हुडकून काढला."

इचलकरंजीच्या म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

दुसरं नाव इचलकरंजीचं होतं. कोल्हापूरच्या वस्तादांनी तेरा भाकऱ्यांचा गडी तयार ठेवलाय ही बातमी त्यांच्या माणसांपर्यंत पोचली होतीच. त्यांनी नृसिंहला उचलला आणि पेढे वाटले. म्हणजे हा रोग आमच्याच गिरणीला झाला होता असं कुणी समजू नये. तिसऱ्या गिरणीचा मालक तर हळहळला की आपली पाळी दुसरी असती तर.

मी बस्तीत गेलो तेव्हा ती दोघं मोटार अड्ड्यावर जायला निघाली होती. श्रीपालच्या हातात अर्धी भाकरी होती. मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यानं बहिणीकडं बघितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं, नोकरी कायमची का, खोली याच महिन्यात का. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं.

मला पुढच्याच आठवड्यात हजेरीवरून काढून रुईच्या गोदामात टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही. तिथं कापसाची धूळ नाकातोंडात जाते आणि माणूस खोकत राहतो, ते काम आधी दोघांनी सोडलं होतं. वस्ताद माझ्याशी बोलायचे बंद झाले, त्याचं दुःख वाटलं नाही. त्या साली श्रीपालच्या जीवावर आमचा संघ आठातले सहा सामने जिंकला आणि शांतिनाथानं ढालीशेजारी उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. फोटोत श्रीपालचं डोकं चौकटीच्या बाहेर गेलंय. फोटोवाल्यानं विचारलं होतं, मालक बसतील का म्हणजे सगळे मावतील. मालक बसले नाहीत.

पण हे नंतरचं. खोली मिळाली त्या रविवारी दुपारी मी चाळीत गेलो होतो. का गेलो ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. मला वाटत होतं, ती काहीतरी बोलेल. माझी टेबलाची नोकरी गेली होती ती त्या दोघांपायी, हे तिला कळावं असंही वाटत होतं.

अक्काताई चूल सारवत होती. तिनं पाट टाकला, पाणी दिलं. श्रीपाल नळावर गेला होता. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग काढलंच, की चिठ्ठीवर नाव मी लिहिलं, मालकाला ठाऊक नव्हतं.

"लिवलासा व्हय," ती म्हणाली. "ब्येस केलासा. आमी इसरायचं न्हाय." तिचा हात चुलीवरून फिरत राहिला. मी निश्वास सोडला असेन. तेवढ्यात तिनं मान वर केली. "पर त्या सांजंला म्या अण्णाला इचारलं, मग तुमच्याकडं बगिटलं. तवा तुमी काय करत हुतासा?"

मी म्हणालो, "जेवत होतो."

"त्येच म्हंते म्या," ती म्हणाली. "अण्णाचं कळलं मला. त्येला सोताचं झाकायचं हुतं. तुमाला तर झाकायला बी काय नव्हतं."

 मी भांडं खाली ठेवून उठलो. चुलीशेजारी पीठ मळून ठेवलेलं होतं, दिवस चांगला वर होता. जेवून जा, असं कोल्हापुरात दारावर आलेल्या वैऱ्यालाही म्हणतात. ती म्हणाली नाही.